इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची सोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतो आहे. वर्गातली मुलं, शिवारातले शेतकरी आणि पंगतीत शेजारी बसलेली माणसं यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. विषय जगभरातल्या प्रयोगशाळांचा आहे, उदाहरणं मात्र जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या घराशेतातली घेतली आहेत.

इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सोबत जातात म्हणजे नेमकं काय होतं?

एक रेणू दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देतो हे आपण शाळेत शिकतो. इलेक्ट्रॉन ऋणभारित असतो. तो गेला की देणाऱ्यावर धन भार उरतो आणि घेणाऱ्यावर ऋण भार चढतो. असे उघडे भार सांभाळणं रेणूला महाग पडतं. प्रथिनाच्या आतल्या तेलकट, कोरड्या जागेत तर फारच महाग. म्हणून देणारा इलेक्ट्रॉनबरोबर एक प्रोटॉनही, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित गाभाही, सोडतो आणि घेणाराही एक प्रोटॉन उचलतो. दोन्हीकडचा भार पुन्हा शून्यावर येतो.

या जोडप्रवासाला ‘प्रोटॉन-कपल्ड इलेक्ट्रॉन ट्रान्सफर’, थोडक्यात पीसीईटी म्हणतात. मी वर्गात ‘प्रोटॉनशी जोडलेलं इलेक्ट्रॉनचं स्थानांतर’ असं सांगतो आणि फळ्यावर पीसीईटीच लिहितो.

पण पुस्तकात तर आम्ल-आम्लारी वेगळा धडा आणि ऑक्सिडीकरण-क्षपण वेगळा धडा आहे?

आहे, कारण तसं शिकवणं सोपं जातं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. तिथे फक्त प्रोटॉन हलतो. मोरचूदच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांब्याचा लेप बसतो. तिथे फक्त इलेक्ट्रॉन हलतात. दोन्ही धड्यांना एकेक चोख उदाहरण मिळालं.

पण श्वास, हिरवं पान, मुळावरची गाठ, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा दही घ्या. यातल्या कशालाही एका धड्यात बसवता येत नाही. मुलांना हे दोन धडे सलग शिकवावेत आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही एकत्र आणून दाखवावेत, असं माझं ठाम मत आहे. ते जमलं नाही तर मुलगा बारावी पास होतो, पण पान ऑक्सिजन कसा सोडतं ते त्याला कळलेलं नसतं.

बोर्डो मिश्रणात आम्ही विळा बुडवून पाहतो. त्यात काय दिसतं?

हा प्रश्न मला शहाद्याकडच्या एका पपईवाल्या शेतकऱ्याने विचारला होता. तेव्हापासून वर्गात मी पहिलं उदाहरण हेच देतो.

बोर्डो हे फवारणीचं बुरशीनाशक. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र ओतायचं. भांडं लोखंडी नको, प्लास्टिकचं हवं. मिश्रण झालं की स्वच्छ घासलेला विळा त्यात थोडा वेळ धरायचा. पात्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी घालायची. पातं होतं तसंच राहिलं तर मिश्रण फवारायला तयार.

तांबूस लेप येतो तेव्हा लोखंडाचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि पाण्यातलं मोकळं तांबं ते इलेक्ट्रॉन घेऊन पात्यावर बसतं. प्रोटॉनचा इथे काही संबंध नाही. चुना वाढवला की पाण्याचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे प्रोटॉन दुर्मीळ होतात, आणि तांबं हायड्रॉक्साइडच्या निळ्या साक्यात अडकतं. मोकळं तांबंच उरत नाही, म्हणून लेप धरत नाही. आता साक्यातल्या तांब्याला परत धातू व्हायचं असेल तर दोन इलेक्ट्रॉन पुरत नाहीत. हायड्रॉक्साइडचं पाणी करायला सोबत दोन प्रोटॉनही लागतात, आणि तेच तर चुन्याने पळवलेले असतात. एक ओंजळ चुना घातला आणि इलेक्ट्रॉनची क्रिया प्रोटॉनवर अवलंबून राहू लागली.

“कापेल वांगं काळं काब पडस?”

चिरलेलं वांगं काळं का पडतं, हे पारोळ्याच्या एका आजीने अहिराणीत हेच शब्द वापरून विचारलं होतं. त्यांना दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

वांग्याच्या पेशीत क्लोरोजेनिक आम्ल नावाचा पदार्थ असतो. तो एका कप्प्यात असतो आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवणारं प्रथिन) दुसऱ्या कप्प्यात. विळीवर वांगं चिरलं की भिंती फुटतात, दोघे एकमेकांना भेटतात आणि हवेतला ऑक्सिजनही येऊन मिळतो. विकराच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू शेजारी शेजारी बसलेले असतात. क्लोरोजेनिक आम्लाच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट लगतच असतात. त्यातून दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन निघतात आणि मागे क्विनोन उरतं. असे दोन रेणू रिकामे झाले की चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन जमतात. ऑक्सिजनच्या एका रेणूला नेमके तेवढेच लागतात आणि त्याचं दोन रेणू पाणी होतं. हिशेब शिल्लक न ठेवता फिटतो. मागे राहिलेली क्विनोनं एकमेकांत आणि प्रथिनांत गुंततात, तोच तो काळपट तपकिरी रंग.

जळगावच्या हिरव्या-पांढऱ्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ते अख्खं भाजतात. न चिरता भाजल्यामुळे आतलं विकर वाफेच्या उष्णतेने निकामी होतं आणि ऑक्सिजनही आत पोचत नाही. म्हणून फोडल्यावर गर पांढुरका निघतो आणि तसाच राहतो. मंद आचेवर अर्धवट भाजलेल्या वांग्याचा देठाजवळचा कच्चा भाग मात्र थोड्या वेळाने काळवंडतो, कारण तिथलं विकर अजून जिवंत असतं.

मग लिंबू पिळलं, मिठाच्या पाण्यात टाकलं की काळं का पडत नाही?

तीन वेगळी कारणं आहेत. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने सामू उतरतो आणि विकर मंदावतं. मिठाचं पाणी फोडींना हवेपासून दूर ठेवतं, शिवाय त्यातला क्लोराइडही विकराला अडवतो. तिसरं कारण आपल्या विषयाचं आहे. लिंबात क जीवनसत्त्व असतं, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. ते तयार झालेल्या क्विनोनला दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन परत देऊन पुन्हा मूळ रूपात आणतं. क जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर रंग येत नाही. ते संपलं की फोड काळी पडायला लागते. सोललेली कच्ची केळी वेफर्ससाठी पाण्यात ठेवतात, त्यातही हवा दूर ठेवण्याचाच भाग मोठा आहे.

इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकाच क्षणी निघतात की एकामागून एक?

दोन्ही घडतं. कागदावर एक चौकोन काढा. वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवातीचा रेणू आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात शेवटचा. कडेने गेलात तर दोन वाटा मिळतात: आधी इलेक्ट्रॉन मग प्रोटॉन, किंवा आधी प्रोटॉन मग इलेक्ट्रॉन. दोन्ही वाटांवर मधल्या कोपऱ्यात थांबावं लागतं आणि तिथे रेणूवर भार उघडा पडलेला असतो. तिसरी वाट कर्णाची. दोघे एकाच पावलात पलीकडे जातात आणि मधला कोपरा लागतच नाही.

कर्णाची वाट जवळची दिसते, पण तिलाही किंमत आहे. दोन कण हलायचे तर आजूबाजूचे पाण्याचे रेणू आणि प्रथिनाचे बंध दोघांनाही सोयीचे असे एकाच वेळी जुळून यावे लागतात. हे क्वचित जुळतं. त्यामुळे मधला कोपरा जिथे फार उंचावर, म्हणजे फार जास्त ऊर्जेचा, असतो तिथे कर्णाची वाट निवडली जाते आणि जिथे तो सोसण्यासारखा असतो तिथे कडेची. आसपास प्रोटॉन झेलायला पाणी आहे की हिस्टिडिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) आहे की नुसतंच तेलकट काहीतरी, यावरही ते ठरतं.

हा विचार पहिल्यांदा कोणी मांडला?

एकट्या इलेक्ट्रॉनच्या उडीचं गणित रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडत नेलं. त्यासाठी त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. ‘प्रोटॉन-कपल्ड इलेक्ट्रॉन ट्रान्सफर’ हे नाव १९८१ मध्ये थॉमस मेयर यांच्या गटाच्या निबंधातून रुळलं. ते रुथेनियमच्या दोन संयुगांमधली देवाणघेवाण तपासत होते. पुढे शॅरन हॅमेस-शिफर यांनी प्रोटॉनलाही पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनी वागवणारा सिद्धान्त उभा केला.

डोळ्यांना न दिसणारं हे सगळं मोजतात कसं?

सगळ्यात सुंदर युक्ती म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम ठेवणं. ड्युटेरियम रसायनात हायड्रोजनसारखाच वागतो, पण वजनाला दुप्पट असतो. क्रियेच्या निर्णायक पावलात फक्त इलेक्ट्रॉन हलत असेल तर या बदलाने वेगात विशेष फरक पडू नये. प्रोटॉनही त्याच पावलात हलत असेल तर वेग घटतो. मेयर यांच्या रुथेनियमच्या क्रियेत साध्या पाण्याऐवजी जड पाणी (ड्युटेरियमचं पाणी) घेतल्यावर वेग जवळजवळ १६ पट घटला. दोघे सोबत निघतात, याचा तो भक्कम पुरावा ठरला.

सोयाबीनमध्ये लायपॉक्सिजनेज नावाचं विकर असतं. ते तेलातल्या मेदाम्लाचा हायड्रोजन काढून घेतं. सोयाबीनच्या कच्च्या पिठाला जो हिरवट उग्र वास येतो, त्याची सुरुवात इथे होते. या विकरात इलेक्ट्रॉन लोखंडाकडे जातो आणि प्रोटॉन त्याच लोखंडाला चिकटलेल्या हायड्रॉक्साइडकडे. ज्युडिथ क्लिनमन यांच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम ठेवून मोजलं तर वेगातला फरक सुमारे ८० पट निघाला. प्रोटॉन ऊर्जेच्या अडथळ्याचा डोंगर चढून पलीकडे जातो असं मानलं तर इतका फरक निघूच शकत नाही. इतका मोठा आकडा प्रोटॉन डोंगरातून आरपार जातो, असंच सांगतो.

आरपार जातो म्हणजे? बोगदा असतो का?

बोगदा खणलेला नसतो. अतिसूक्ष्म कणांना लहरींचे गुण असतात, त्यामुळे ऊर्जा कमी असली तरी अडथळ्याच्या पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता उरते. याला टनेलिंग म्हणतात. कण जितका हलका तितकी ही शक्यता जास्त.

इथे वजनातली तफावत पाहा. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड आहे. इलेक्ट्रॉन म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा एक शेंगदाणा धरला तर प्रोटॉन म्हणजे जवळजवळ किलोभर शेंगदाण्यांची पिशवी. त्यामुळे प्रथिनाच्या आत इलेक्ट्रॉन एका उडीत १४ अँगस्ट्रॉमपर्यंतचं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतर कामापुरत्या वेगाने पार करतो. प्रोटॉनची उडी मात्र साधारण एका अँगस्ट्रॉमच्या आतली. हायड्रोजन बंधाने जोडलेल्या लगतच्या शेजाऱ्याकडेच तो जाऊ शकतो. लांब जायचं असेल तर हातोहात: एक पाण्याचा रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. पाण्यातल्या या हातोहात प्रवासाची कल्पना ग्रोटहुस यांनी १८०६ मध्येच मांडली होती.

मग सरळ “हायड्रोजनचा अणू गेला” असं का म्हणू नये?

काही वेळा तसं म्हणता येतं. शेंगदाण्याचं तेल खवट होऊ लागतं तेव्हा त्यातलं ई जीवनसत्त्व मुक्त मूलकाला (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या उतावळ्या रेणूला) इलेक्ट्रॉन-प्रोटॉनची जोडी देऊन थोपवतं. दोन्ही एकाच ठिकाणाहून निघून एकाच ठिकाणी पोचतात. हा अख्खा हायड्रोजनच गेला.

पण पुष्कळदा दोघांचे पत्ते वेगळे असतात. वर सोयाबीनच्या विकरात इलेक्ट्रॉन लोखंडावर गेला आणि प्रोटॉन शेजारच्या ऑक्सिजनवर. पानात तर दोघे विरुद्ध दिशांना जातात. बैलजोडीचं उदाहरण मुलांना लगेच पटतं, पण ते इथे तुटतं, कारण एका जुवाला जुंपलेले बैल वेगवेगळ्या बांधांकडे जात नाहीत. वेळ एकच आणि वाटा दोन, हे डोक्यात बसवायला थोडे दिवस द्यावे लागतात.

हिरव्या पानात हे कुठे घडतं?

हरितलवकात, प्रकाशप्रणाली दोन या प्रथिनसमूहात. सूर्यप्रकाशाने पी-६८० या हरितद्रव्याच्या जोडीतला इलेक्ट्रॉन उडतो. ती रिकामी जागा भरायला शेजारचं टायरोसिन हे अमिनो आम्ल आपला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याच वेळी आपला प्रोटॉन दुसऱ्या बाजूच्या हिस्टिडिनच्या हवाली करतं. प्रोटॉन फार लांब जात नाही, परतायचं असतं ना. मग टायरोसिन आपला इलेक्ट्रॉन मँगनीजच्या गुच्छाकडून वसूल करतं आणि प्रोटॉनही माघारी येतो. हा गुच्छ चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा असतो. जियान-रेन शेन आणि नोबुओ कामिया यांच्या गटाने २०११ मध्ये १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने त्याची रचना दाखवली.

पाण्याच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचा एक रेणू बनवायला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढावे लागतात. एका प्रकाशकणाने एकच इलेक्ट्रॉन निघतो. मग पान काय करतं? मोजत बसतं! १९६९ मध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत मारले. पहिल्या झोताला ऑक्सिजन नाही. तिसऱ्याला सर्वांत जास्त. मग सातव्याला, अकराव्याला. दर चार झोतांनी एक उसळी. पुढच्याच वर्षी बेसेल कोक यांनी त्यावरून पायऱ्यांचं चक्र मांडलं. या चक्रात इलेक्ट्रॉन दर पायरीला एक असे निघतात, प्रोटॉन मात्र १, ०, १, २ असे सुटतात. जिथे प्रोटॉन सुटत नाही त्या पायरीला गुच्छावर एक धन भार तात्पुरता साठतो. तेवढा तो सोसतो, त्याहून जास्त साठू देत नाही.

मक्यात मारतो ते तणनाशक अ‍ॅट्राझीन याच साखळीत अडथळा आणतं का?

हो, नेमकं याच साखळीत. प्रकाशप्रणालीच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टोक्विनोन नावाचा हमाल येऊन बसतो. तो दोन इलेक्ट्रॉन घेतो, दोन प्रोटॉन घेतो आणि भाराने तटस्थ होऊन निघून जातो. अ‍ॅट्राझीन त्याच्याच जागेत जाऊन बसतं. हमालाला जागा मिळत नाही, इलेक्ट्रॉन अडकतात आणि ऊन पडतच राहतं. ती अडकलेली ऊर्जा ऑक्सिजनची घातक रूपं तयार करते आणि तण पिवळं पडून करपतं. मका अ‍ॅट्राझीनला ग्लुटाथायोन जोडून निष्प्रभ करतो, म्हणून वाचतो.

श्वासाचा आणि याचा काय संबंध?

भाकरीतून मिळालेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या तंतुकणिकांमधून शेवटी ऑक्सिजनला मिळतात. वाटेत दर दोन इलेक्ट्रॉनमागे सुमारे १० प्रोटॉन पटलाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. धरणात पाणी साठावं तसे हे प्रोटॉन साठतात आणि परत येताना एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणारं चक्र फिरवतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा बहुतेकांनी ते मानलं नाही. पुढे विद्यापीठ सोडून त्यांनी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात एक जुनी वास्तू दुरुस्त केली, तिथे जेनिफर मॉइल यांच्याबरोबर छोटी प्रयोगशाळा चालवली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तालुक्याच्या गावी बसून विज्ञान होत नाही असं म्हणणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

साखळीच्या शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज असतं. ते ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन देऊन पाणी करतं आणि आणखी चार प्रोटॉन पलीकडे ढकलतं.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर मरतं, ते यामुळेच का?

हो. मी नववीत असताना आमची गाय अशीच गेली. ज्वारी कापून झाली होती, खोडव्याला गुडघ्याएवढे फुटवे आले होते आणि पाऊस ताणला होता. दावं सुटलं आणि ती त्यात शिरली. तासाभरात ती धापा टाकत बाजूला पडली. डोळ्यांच्या आतली त्वचा लालचुटूक दिसत होती, एखाद्या निरोगी जनावराहूनही लाल. ते मला कित्येक वर्षं समजलं नाही.

कोवळ्या ज्वारीत धुरिन असतं. चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. पाण्याचा ताण पडलेल्या आणि नव्याने फुटलेल्या पिकात त्याचं प्रमाण जास्त असतं. सायनाइड सायटोक्रोम ऑक्सिडेजमधल्या लोखंडाला घट्ट धरतं. तिथे ऑक्सिजनला जागा उरत नाही, मागून येणारे इलेक्ट्रॉन खोळंबतात, प्रोटॉन ढकलले जात नाहीत आणि एटीपी थांबतं. ऑक्सिजन रक्तातच पडून राहतो, वापरला जात नाही, म्हणून रक्त लाल. हवा भरपूर असून जनावर गुदमरतं.

पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी घालू नका आणि खोडव्यात जनावर सोडू नका. बाधा झाली तर ताबडतोब पशुवैद्य बोलवा. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून देतात, पण मिनिटांचा खेळ असतो. घरगुती उपायात वेळ दवडू नका.

दही लागतं तेव्हाही असंच काही होतं?

होतं. विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेपासून पायरुव्हेट बनवतात. त्याचं लॅक्टिक आम्ल करताना दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन असे तिघे एकत्र ‘हायड्राइड’ म्हणून येतात आणि चौथा, म्हणजे दुसरा प्रोटॉन, विकरातलं हिस्टिडिन देतं.

हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी चांगल्या आहेत हे कसं ओळखायचं?

फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड ओल्या मातीतून अलगद उपटा, मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ती कामाला लागलेली आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा नातलग ऑक्सिजन जपून पुरवतो, कारण नायट्रोजन पकडणारं विकर मोकळ्या ऑक्सिजनने बिघडतं.

ते विकर, नायट्रोजिनेज, हवेतल्या नायट्रोजनच्या एका रेणूसाठी ८ इलेक्ट्रॉन, ८ प्रोटॉन आणि १६ एटीपी खर्च करतं. त्यातून अमोनियाचे दोन रेणू आणि हायड्रोजनचा एक रेणू निघतो. इलेक्ट्रॉन एकेक करून येतात आणि जवळजवळ प्रत्येकाबरोबर एक प्रोटॉन गाभ्यात बसतो. सगळे इलेक्ट्रॉन नुसतेच साठवले असते तर त्या गाभ्याला एवढा ऋण भार झेपलाच नसता. युरियाच्या कारखान्यात याच कामासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि शेकडो पट दाब लागतो. हरभरा ते थंडीच्या ओलसर मातीत करतो.

भुईमुगाचे शेंडे पिवळे पडतात, शिरा हिरव्या राहतात. हिराकस जमिनीत टाकून उपयोग का होत नाही?

तापीच्या खोऱ्यात चुनखडीच्या काळ्या जमिनी पुष्कळ आहेत आणि त्यांचा सामू ८ च्या आसपास किंवा वर असतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. फेरस लोह हवेला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक बनतं, आणि फेरिक न विरघळणाऱ्या गंजाच्या रूपात बसून राहतं. सामू ५ ते ८ या टप्प्यात १ ने वाढला की ही क्रिया सुमारे १०० पट वेगाने होते. लोहाला चिकटलेल्या पाण्याने प्रोटॉन सोडला की लोहाला इलेक्ट्रॉन सोडणं सोपं जातं. चुनखडीच्या जमिनीत प्रोटॉन काढून घ्यायला सगळे तयारच असतात. म्हणून अशा जमिनीत फवारणी किंवा चिलेट केलेलं (दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं) लोह बरं पडतं.

भुईमूग आणि कपाशीची मुळं स्वतःही प्रयत्न करतात. ती प्रोटॉन बाहेर सोडून मातीचा सामू उतरवतात आणि मग फेरिकला इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतात. दोन्ही कामं वेगळ्या प्रथिनांची आहेत, त्यामुळे याला काटेकोर अर्थाने पीसीईटी म्हणता येणार नाही. एकाशिवाय दुसरं निष्फळ आहे, एवढं मात्र खरं. ज्वारी आणि मका वेगळ्या वाटेने जातात. ते लोहाला धरून आणणारी द्रव्यं मातीत सोडतात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत काय होतं?

धन पट्टीवरचा लेड डायऑक्साइड प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन तारेतून घेतो आणि चार प्रोटॉन आम्लातून घेतो. त्याचं लेड सल्फेट होतं आणि पाणी सुटतं. म्हणून बॅटरी उतरत जाते तसं आम्ल पातळ होतं आणि आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरचा आकडा खाली येतो. त्या काचेच्या नळीत तुम्ही खरं तर प्रोटॉनचा साठाच वाचत असता.

सामू बदलला की व्होल्टेजही बदलतं का?

एका इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन जात असेल तर २५ अंशांना सामूच्या दर एककाला ५९ मिलिव्होल्ट. प्रयोगशाळेत जोडी ओळखण्याची ही सगळ्यात जुनी आणि स्वस्त कसोटी आहे. सामू आणि व्होल्टेजच्या आलेखाचा उतार ५९ आला तर एकास एक, त्याच्या निम्मा आला तर दोन इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन.

हिरव्या हायड्रोजनशी याचा संबंध काय?

साक्रीकडे सौर पट्ट्यांची शेतं उभी राहिलेली आपण पाहतोच. अशा विजेने पाणी फोडून हायड्रोजन बनवायचा, हा हिरवा हायड्रोजन. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे.

नियमाप्रमाणे पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरायला हवेत. प्रत्यक्षात १.८ किंवा त्याहून जास्त द्यावे लागतात. जास्तीचा मोठा भाग ऑक्सिजनच्या बाजूला जातो, कारण तिथे पानासारखेच चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन शिस्तीत काढायचे असतात. उत्प्रेरकात प्रोटॉन झेलणारा गट नेमक्या जागी बसवला, तर ही वाया जाणारी वीज कमी करता येते. यावर जगभर जोरात काम चालू आहे आणि आपल्या मुलांनी त्यात शिरावं असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी शिकायचं काय?

बारावीनंतर रसायनशास्त्रात बीएस्सी आणि एमएस्सी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायनशास्त्र शिकता येतं. एमएस्सीला भौतिक रसायन आणि जैव-अकार्बनी रसायन हे विषय टाळू नका. विद्युतरसायनाची प्रात्यक्षिकं हाताने करा, शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवू नका.

घरी करून पाहण्यासारखं काही आहे का?

भरिताचं किंवा कुठलंही वांगं घ्या. एकसारख्या चार चकत्या करा आणि चारही वेगवेगळ्या बश्यांत ठेवा. पहिली तशीच. दुसरीवर लिंबाचे चार थेंब. तिसरीवर क जीवनसत्त्वाची एक गोळी दोन चमचे पाण्यात विरघळवून ते पाणी. चौथी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढलेली. दर दहा मिनिटांनी पाहा आणि वहीत वेळ लिहा. पहिली सगळ्यात आधी काळवंडेल. उकळलेली बहुधा शेवटपर्यंत तशीच राहील. तिसरीवर लक्ष ठेवा. ती बराच वेळ कोरी दिसेल आणि मग गोळीचं पाणी जिथे पातळ लागलं होतं त्या कडेपासून तपकिरी व्हायला लागेल. द्यायला इलेक्ट्रॉन-प्रोटॉन संपले ती वेळ हीच. वहीत तीच लिहायची आहे.